माजी सैनिकाला जुनं काही बोचू लागलं तर घरच्यांनी काय करावं

पलटणीतून पेन्शनवर येऊन वीसेक वर्षं झालेली असतात. मधल्या काळात बँकेत नाहीतर साखर कारखान्यावर गार्डची नोकरी झाली, घर बांधून झालं, मुलींची लग्नं झाली. साठीला ती दुसरी नोकरीही संपते आणि दोन-तीन महिन्यांत घरच्यांच्या लक्षात येतं, की मेजर रात्री झोपत नाहीत. (गावाकडे हवालदार म्हणून आलेल्यालाही सगळे मेजरच म्हणतात.) पहाटे तीनला अंगणात खुर्ची टाकून बसलेले असतात. नातवाला मांडीवर घ्यायला नको म्हणतात. आणि एखाद्या रात्री बायकोजवळ एवढंच बोलतात, "माझ्या हातून पाप झालंय."

घरचे दोनपैकी एक करतात. "काहीतरीच काय बोलताय, तुम्ही देशासाठी लढलात" म्हणून विषय मिटवतात, नाहीतर घाबरून गप्प बसतात. दोन्हींनी बिघडतं. काय केलं तर आधार होतो, ते पुढे लिहिलं आहे.

इतक्या वर्षांनी का?

१९८७ च्या ऑक्टोबरात भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेतल्या जाफन्यात उतरलेला बावीस वर्षांचा जवान आज साठीच्या आसपास आहे. १९७१ ला वीस वर्षांचा असलेला पंचाहत्तरीच्या. कारगिलला, १९९९ मध्ये, पंचविशीत असलेले पन्नाशी गाठून पुढे गेले. लढाईनंतर पुढची बदली, सुट्टी, लग्न, कर्ज, मुलांची शिक्षणं यांत मनाला मोकळा वेळच मिळत नाही. तो मिळतो निवृत्तीनंतर. बायको गेली, मोठं ऑपरेशन झालं, बरोबरीचा कोणी गेला की वेग वाढतो. विसरभोळेपणाची सुरुवात असेल तर आणखी एक गोष्ट घडते: कालचं जेवण आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ लख्ख समोर येते. आयुष्यभर दाबून ठेवलेलं दाबून ठेवायची ताकदही तेव्हा कमी झालेली असते.

श्रीलंकेतून आलेल्यांचं वेगळं सांगायला हवं. तिथे अकराशेहून अधिक भारतीय जवान गेले, १९९० च्या मार्चमध्ये शांतिसेना परत आली आणि कोणी फारसं स्वागत केलं नाही. ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्याच वस्तीतून, लुंगी-शर्टातल्या माणसांमधून गोळी यायची. समोरचा लढणारा की मासे विकणारा, हे ठरवायला दोन सेकंद असायचे. चुकीचं ठरलं तर ते आयुष्यभर उरतं. अशा माणसाला "तुम्ही तर शूर" म्हटलं, की तो आणखी आत जातो.

आधी बोचणी कशाची आहे ते ओळखा

सगळं यावर अवलंबून आहे. स्फोटाची, मरणाची भीती मनात बसणं वेगळं आणि आपल्या हातून वाईट घडलं ही टोचणी वेगळी. भीतीची आठवण म्हणते "मी मरेन". टोचणी म्हणते "मी वाईट आहे". व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी या दुसऱ्या जखमेला वेगळं नाव दिलं, आणि २००९ मध्ये ब्रेट लिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची नीट मांडणी केली. मराठीत तिला नैतिक जखम म्हणता येईल. सुरक्षित घरात, माणसांत राहिलं की भीती हळूहळू उतरते. नैतिक जखम तशी उतरत नाही. उलट घर जितकं सुखी, तितकी ती ठसठसते, कारण त्या माणसाला वाटतं हे सुख आपल्या वाट्याचं नाही. नातवाला मांडीवर न घेण्यामागे पुष्कळदा हेच असतं.

त्याच्या तोंडची वाक्यं नीट ऐकलीत तर बोचणीचा प्रकार कळतो.

"त्या रात्री गस्तीची पाळी माझी होती, तो माझ्या जागी गेला." ही वाचल्याची बोचणी. यात त्याने काही चुकीचं केलेलं नसतं.

"साहेबांनी सांगितलं, मी केलं." ही हुकमाची. यात रागही मिसळलेला असतो, आणि तो राग घरात मुलांवर, पोस्टात रांगेत, तलाठ्याच्या टेबलावर निघतो.

"मी बघत होतो, बोललो नाही." ही गप्प राहिल्याची, आणि वरवर साधी वाटली तरी पुष्कळदा सगळ्यांत खोल गेलेली.

"मी केलं. करायला नको होतं. कोणी सांगितलंही नव्हतं." ही खऱ्या चुकीची.

चौघांनाही "तुमची काहीच चूक नव्हती" हे एकच उत्तर देणं ही घरच्यांची सर्वांत मोठी चूक. पहिल्याला ते खरं असूनही पटत नाही, कारण त्याचं दुःख स्वतःच्या चुकीबद्दल नसून गेलेल्या माणसाबद्दल असतं. चौथ्याला ते खोटं आहे हे त्याला स्वतःलाच माहीत असतं. त्याच्या कानावर त्याचा अर्थ असा पडतो: ह्यांना ऐकायचं नाही. निर्दोष ठरवायची घाई करू नका. दोषी ठरवायची तर अजिबातच नको.

रात्र कशी निभवायची

भयानक स्वप्नं बहुतेक उत्तररात्री, तीन ते पाचच्या सुमारास पडतात. माणूस ओरडतो, हात झाडतो, कधी बायकोचा गळाही धरतो. त्यावेळी अंगाला हात लावून हलवू नका. झोपेतला हात त्याला शत्रूचा वाटतो, आणि दुखापती होतात त्या अशाच.

१. खोलीचा दिवा लावा. पलंगाच्या पायथ्याशी, हाताच्या टप्प्याबाहेर उभे राहा.
२. नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या हाकेने बोलवा: "आबा, मी बाळू. आपण घरी आहोत. पहाटेचे तीन वाजलेत. बाहेर पाऊस पडतोय." ओरडू नका, पलटणीतल्या नावाने हाक मारू नका.
३. डोळे उघडले की उठून बसायला सांगा, पाय जमिनीवर टेकवायला सांगा. फरशी गार लागते, ती जाणवू द्या. तांब्याभर पाणी हातात द्या, पाजू नका.
४. दिसणाऱ्या पाच वस्तू मोठ्याने सांगायला लावा. कॅलेंडर, पंखा, देव्हारा, काहीही.
५. मग श्वास: चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं.
६. स्वप्नात काय होतं हे त्यावेळी विचारू नका. ते दिवसाचं काम.

दिवसाचं काम असं. तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर उजेडात बसून ते वहीत लिहायचं आणि शेवट बदलायचा, हवा तसा. दार उघडतं आणि पलीकडे आपलं शेत असतं, इतकं साधं चालतं. बदललेलं स्वप्न रोज दिवसा दहा ते वीस मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचं. ही मान्य झालेली उपचारपद्धती आहे. ज्याला लिहिणं जमत नाही त्याने बोलून केलं तरी चालतं. सुरुवात हलक्या स्वप्नापासून करा. सर्वांत वाईट स्वप्न पहिल्याच आठवड्यात घेतलं तर बहुतेक जण सोडून देतात.

बायकोने काही महिने वेगळ्या खाटेवर झोपणं यात कसलीही लाज नाही. तिची झोप मोडली तर आठवड्याभरात घर मोडकळीला येतं.

घरात आधी काय हलवायचं

बंदूक. गार्डच्या नोकरीसाठी घेतलेली बारा बोअरची परवान्याची बंदूक अनेक घरांत अजून असते. निवडणुकीच्या वेळी आपण ती ठाण्यात जमा करतो, तशीच आत्ताही करा, किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवा. पावती घ्या, काडतुसंही त्यातच जमा करा. त्याच्या नकळत करू नका. "झोप सुधारेपर्यंत बाहेर ठेवूया" असं सांगून, त्यालाच बरोबर घेऊन जा. शस्त्र सुरक्षित ठेवणं ही त्याच्या अंगात मुरलेली शिस्त आहे, त्या भाषेत सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात.

शेतीचं औषध. आपल्याकडे जीव जातात ते बंदुकीपेक्षा गोठ्यातल्या फवारणीच्या बाटलीने जास्त. उरलेली बाटली ठेवू नका. ठेवावीच लागली तर शेजारच्या घरी, कुलपात. गोळ्यांचे मोठे साठेही घरात नकोत. एका वेळी आठवड्याच्या गोळ्या, ठेवणारा दुसरा माणूस.

दारू. कॅन्टीनच्या कोट्यातली रम ही त्याची झोपेची गोळी झालेली असते. तिने डोळा लवकर लागतो हे खरं, पण उत्तररात्री असर उतरला की झोप तुटते आणि स्वप्नं दुप्पट जोराने येतात. तरीही रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात बंद करू नका. सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हातापायांना कंप सुटून भलतंसलतं दिसायला लागतं, आणि त्यात माणूस जातोही. बंद करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी "हे रोज घेतात" हे स्पष्ट सांगा, कारण बी-वन जीवनसत्त्व आधी द्यावं लागतं.

आवाज आणि वास. फटाक्यांचं सगळ्यांना माहीत असतं, वासाचं कोणी लक्षात घेत नाही. तोडणीआधी पेटवलेल्या उसाचा धूर, जनरेटरचं डिझेल आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बोकडाची मुंडी भाजताना येणारा करपलेल्या केसांचा वास. मुंडी भाजायला सुरुवात झाली आणि मेजर जेवणावरून उठून गेले, असं जत्रेत झालं असेल तर "नखरे" म्हणू नका. काम घरापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला करा, आणि आधी सांगा. त्रास अचानकपणाचा असतो. शेजारचा मुलगा "आजोबा, आता सुतळी बॉम्ब लावतोय" असं सांगून गेला तरी अर्धं काम होतं.

पंधरा ऑगस्टला किंवा सव्वीस जुलैला, म्हणजे कारगिल विजय दिवसाला, शाळेत सत्कार ठरला, तर आधी त्याला एकट्याला विचारा. नको म्हणाला तर घरच्यांनीच मुख्याध्यापकांना "तब्येत बरी नाही" असं कळवून मोकळं व्हावं. पोरांना घरातच बजावून ठेवा: "आजोबा, तुम्ही किती मारले?" हा प्रश्न या घरात विचारायचा नाही.

बोलायला बसायचं कसं

वेळ दिवसाची. जागा बांधावर किंवा पडवीत. समोरासमोर बसू नका, शेजारी बसा, आणि हाताला काम असू द्या. शेंगा फोडणं, दोर वळणं, जनावरांना वैरण टाकणं. डोळ्याला डोळा न देता माणूस पुष्कळ बोलतो. ऐकणारा एकच. फोन घरी ठेवलेला. पाऊण तास पुरे. जास्त लांबलं तर रात्र जड जाते.

पहिल्या दिवशी फक्त एवढं म्हणा: "आबा, काहीतरी आतून खातंय एवढं दिसतंय. सांगायचं तेवढंच सांगा. मी ऐकायला बसलोय, न्याय करायला नाही." मग गप्प. मिनिटभराची शांतता फार लांब वाटते, ती तोडू नका.

तो बोलू लागला की "का केलंत?" विचारू नका. "मग पुढं?" एवढंच पुरतं. रेकॉर्डिंग करू नका. गावाचं, पलटणीचं, ऑपरेशनचं नाव सांगायची गरज नाही, हे तुम्हीच त्याला सांगा. गोपनीयतेच्या शपथेचं ओझं पुष्कळांना तोंड उघडू देत नाही. आणि जखमेला नकाशा लागत नाही. काय झालं आणि तेव्हा काय वाटलं, एवढ्यावर काम होतं.

काही वाक्यं जिभेवर आली तरी गिळा. "लढाईत असं होतंच", "देवाची इच्छा", "आता विसरा". त्याऐवजी: "हे इतकी वर्षं एकटे वागवत होतात." हे वाक्य चारही प्रकारांना चालतं, कारण ते चारही ठिकाणी खरं असतं.

रडला तर रडू द्या. पाणी पुढे सरकवा. पाठीवर हात ठेवण्याआधी विचारा.

दोन-चार बैठकांनंतर, तो तयार असेल तर, वाट्यांचा कागद करता येतो. भाकरीएवढा गोल काढायचा. त्या घटनेत ज्यांचा ज्यांचा हात होता त्यांची यादी करायची: फौज पाठवण्याचा निर्णय घेणारे, हुकूम देणारा अधिकारी, चुकीची खबर देणारा, वस्तीत लपून गोळी चालवणारा, अंधार, तीन रात्रींचं जागरण, डोळ्यांदेखत पडलेला सोबती. प्रत्येकाला शंभरातले किती पैसे ते त्यानेच ठरवायचं आणि भाकरीचा तेवढा वाटा आखायचा. स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी. आधी घेतला तर तो शंभरच्या शंभर पैसे स्वतःकडे ओढतो आणि खेळ तिथेच संपतो. शेवटी घेतला तर उरतात तीस, कधी पंधरा. ते शून्यावर आणायचा आग्रह धरू नका. तेवढा वाटा त्याचा असेल तर तो त्याला घेऊ द्या. पंधरा पैसे माणूस वागवू शकतो, शंभर नाही. आणि एक विचारा: तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं, आणि ठरवायला किती सेकंद होते? साठीतला माणूस बावीस वर्षांच्या पोराचा न्याय साठीच्या अकलेने करत असतो.

चौथ्या प्रकारात, म्हणजे खऱ्या चुकीत, हा कागद घरी करू नका. तो समुपदेशकासमोर करायचा.

जिवाचा धोका आहे का, हे विचारायचं

सरळ विचारा: "आबा, जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट विचारल्यावर सुटका वाटते. हो म्हणाला तर पुढचं विचारा: कसं, कधी, काही जमवून ठेवलंय का. यातलं काही ठरलेलं असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक कागदपत्रं लावून ठेवणं, घड्याळ नाहीतर मेडल नातवाला देऊन टाकणं, बऱ्याच दिवसांनी एकदम शांत होणं, ही धोक्याची लक्षणं आहेत. शांत झाला म्हणून खुशीत येऊ नका.

टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत, मराठीतही मिळते. १० ऑक्टोबर २०२२ ला ती सुरू झाली, आणि १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात फौजी कुटुंबांसाठी तिचा वेगळा कक्ष सुरू झाला. फोन घरच्यांनीही करायचा असतो, माणूस तयार नसला तरी. आणि प्रयत्न झालाच असेल तर पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतं, म्हणून सहसा त्याच्यावर खटला चालत नाही.

डॉक्टरकडे

पेन्शनर आणि ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, सभासद असेल तर जवळच्या पॉलिक्लिनिकला जायचं. तिथून मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळते, लष्करी रुग्णालयात किंवा यादीतल्या खासगी रुग्णालयात. ही योजना १ एप्रिल २००३ पासून आहे, आणि मनाच्या आजारालाही ती तशीच लागू आहे, हे कित्येकांना माहीत नसतं. सभासद नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, किंवा येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं. सोबत कार्ड, पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या.

"मी वेडा नाही" म्हणून तो अडून बसेल. झोपेच्या तक्रारीवर न्या, ती खरीच आहे. उपचार घेतले तर पेन्शन बंद होईल ही भीती असते. आजारावर उपचार घेतल्याने मिळत असलेली पेन्शन थांबत नाही. बंदुकीची नोकरी मात्र अडचणीत येऊ शकते, हे लपवू नका. अजून गार्डचं काम करत असेल तर बिनशस्त्र जागा आणि दिवसपाळी आधीच मागून घ्या.

आधी रक्त तपासतात: साखर, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, सोडियम. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही सांगा, कारण त्यामुळेही माणूस दचकून उठतो. तोफखान्यात होता तर कानही तपासा. ऐकू कमी येणारा माणूस एकटा पडतो, आणि एकट्याला जुनं जास्त आठवतं. मग वीस प्रश्नांची एक प्रश्नावली असते, गेल्या महिन्याभराबद्दल. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी. एकतीस-तेहेतीसच्या वर गेलं तर आघातोत्तर ताणविकाराची (पीटीएसडी) नीट तपासणी करतात. पण तो आकडा कमी आला म्हणून परत फिरू नका. ती प्रश्नावली भीती छान मोजते, बोचणी तेवढी नाही. तेव्हा "यांना कसला तरी अपराध वाटतो" हे तुम्ही तोंडाने सांगायचं.

बोलण्याच्या उपचारात विचारांवर काम करणारी पद्धत साधारण बारा बैठकांची असते; प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावणारी आठ ते पंधरा, प्रत्येकी सुमारे दीड तासाची. बोचणीसाठीच घडवलेल्या पद्धतीत रिकामी खुर्ची ठेवतात आणि तिच्यावर ज्याचा शब्द तो मानायचा असा माणूस बसला आहे असं धरून बोलायला लावतात. आपल्याकडच्या फौजीला तिथे ट्रेनिंगचे उस्ताद चटकन दिसतात. "उस्तादांना सगळं सांगा, आणि आता ते काय म्हणतील ते तुम्हीच त्यांच्या आवाजात सांगा." बाप नसलेल्यालाही उस्ताद असतात. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर त्रास वाढल्यासारखा दिसतो. नेमकं तेव्हाच घरचे "नको ते डॉक्टर" म्हणतात. तेवढे पंधरा दिवस धरून ठेवा.

गोळ्यांचं थोडक्यात. उदासी-चिंता कमी करणाऱ्या सर्ट्रालिनसारख्या गोळीला असर दाखवायला चार ते सहा आठवडे लागतात. उतारवयात तिने सोडियम उतरू शकतं, विशेषतः बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर. चालताना झोकांड्या, गोंधळलेलं बोलणं दिसलं की रक्त तपासा. स्वप्नांसाठी काही डॉक्टर रात्री प्राझोसिन देतात. मुळात ती रक्तदाबाची गोळी आहे, म्हणून रात्री लघवीला उठताना आधी दोन मिनिटं पलंगावर बसायचं. पहिल्या काही रात्री तर कोणीतरी सोबत हवंच. चिंता आणि झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामची चिठ्ठी मेडिकलमधून पुन्हा पुन्हा भरू नका. तिची सवय लागते, म्हातारपणी पडून खुबा मोडतो आणि दारूबरोबर ती घातक आहे. महिनोन्‌महिने घेत असेल तर मनाने बंदही करू नका, डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात.

सांगून टाकायचं म्हणाला तर

चौथ्या प्रकारातला माणूस कधीतरी म्हणतो, "मला कुणाला तरी सांगून मोकळं व्हायचंय." ही इच्छा चांगली आहे, तिला दाबू नका. पण क्रम पाळा. सर्वांत आधी वकील. वकिलाला सल्ल्यासाठी सांगितलेलं गोपनीय राहतं. नवरा-बायकोतल्या बोलण्यालाही कायद्याचं संरक्षण आहे; मुलगा, भाऊ, मित्र यांच्याजवळ दिलेली कबुली मात्र न्यायालयात पुरावा म्हणून येऊ शकते. डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन आहे, पण दुसऱ्याच्या जिवाला धोका असणं किंवा न्यायालयाचा आदेश, असे त्याला अपवाद आहेत. कोर्टमार्शलला साधारण तीन वर्षांची मुदत असते. खुनासारख्या गुन्ह्याला साध्या फौजदारी कायद्यात मुदत नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, माजी सैनिकांच्या मेळाव्यात किंवा दारूच्या बैठकीत बोलून टाकणं हा मोकळं होण्याचा मार्ग नव्हे. त्याने सगळं समजून, वकिलाशी बोलून पुढे जायचं ठरवलं तर तो निर्णय त्याचा. घरच्यांनी सोबत उभं राहावं.

भरपाई, आणि गेलेल्याच्या घरी जाणं

बोचणी बोलून हलकी होते, पण पुष्कळांना हातांनी काहीतरी करायचं असतं. गेलेल्याला पत्र लिहावं, न पाठवण्यासाठी. त्याच्या नावाने दरवर्षी एका मुलाची वह्या-पुस्तकं करावीत. रक्तदान शिबिरात, सैन्यभरतीला निघालेल्या पोरांच्या सरावात उभं राहावं. दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, जे २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, गेलेल्यांची नावं एकेका दगडावर कोरली आहेत. तिथे जाऊन सोबत्याच्या नावावर बोट ठेवणं हे अनेकांना पुरतं. एक सावधगिरी: भरपाईला मोजमाप असावं. जमीन विकून देणगी, स्वतःचे उपासतापास, औषधं सोडणं सुरू झालं तर ती भरपाई राहत नाही, शिक्षा होते. तसं दिसलं की डॉक्टरांना कळवा.

सोबत्याच्या घरी जायचं असेल तर पत्ता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत किंवा पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत काढा. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. थेट दारात जाऊ नका. कार्यालयाकडून आधी विचारणा जाऊ द्या आणि "नको" आलं तर ते माना.

"या" आलं, तर सकाळी जा, दोघं जा. गणवेशाचा ब्लेझर, मेडलं घालून नको, साध्या कपड्यांत. पैशांचं पाकीट नेऊ नका. फळं, साडी-चोळी, त्याचा एखादा जुना फोटो असेल तर त्याची मोठी प्रत. बसल्यावर आधी तो कसा जगला ते सांगा: लंगरमध्ये (पलटणीच्या जेवणघरात) कशावरून भांडायचा, रात्री कोणतं गाणं म्हणायचा, घरची चिठ्ठी आली की कुठे बसून वाचायचा. तो कसा गेला हे विचारलं तरच सांगा, आणि विचारणाऱ्याला हवं तेवढंच. आई बहुतेक एकच विचारते, "लई वेळ तळमळला का हो?" खोटं बोलू नका, पण सगळं सांगणंही जरुरीचं नाही. "मी जवळ होतो" हे खरं असेल तर तेवढं सांगा.

माफी मागायचीच असेल तर ती आपलं ओझं तिच्या मांडीवर टाकण्यासाठी नसावी. "त्या दिवशी माझी पाळी होती, हे मला तुम्हाला सांगायचं होतं" एवढं सांगून थांबा. ती रागावली, उठून आत गेली, तर तो तिचा हक्क. जेवायला थांबवलं तर जेवा.

परतल्यावर त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री घरात कोणीतरी जागं राहावं, आणि डॉक्टरांची पुढची बैठक त्याच आठवड्यात आधीच ठरवून ठेवावी.